घाट उतरताना हायब्रिड गाडी का घोंघावते?

प्रश्न : आमचा धाकटा मुलगा न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये नोकरी करतो. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यानं आम्हाला दक्षिणेकडच्या बेटावर फिरायला नेलं आणि क्वीन्सटाउनला टोयोटाची कोरोला हायब्रिड भाड्यानं घेतली. कागदावर चालक म्हणून माझंही नाव घातलं होतं. वनाकाहून क्राउन रेंजच्या घाटानं परतताना गाडी मी चालवली. गिअर न टाकायची गाडी पहिल्यांदाच हाती आली, पण तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असल्यामुळे भीती वाटली नाही. एक गोष्ट मात्र उमगली नाही. घाट उतरायला लागलो तेव्हा इंजिन गप्प होतं आणि बॅटरीची पट्टी भरत होती. निम्मा घाट उतरल्यावर, माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना, इंजिन एकदम मोठ्यानं घोंघावू लागलं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तसंच असतं.’ तेव्हा पेट्रोल फुकट जळत होतं का? पडद्यावर सरासरी ४.३ असा आकडा होता, तो काय समजायचा? आता घरची जुनी गाडी बदलायची आहे. आमचं जाणं-येणं रोज पौड रोडनं कोथरूडपर्यंत, आणि अधूनमधून ताम्हिणी उतरून माणगावला लेकीकडे. तिकडे चालवून पाहिली, त्यावरून इकडे हायब्रिड घ्यावी का?
एक वाचक, पौड, ता. मुळशी

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते बरोबर ऐकलंत, पण तो आवाज पेट्रोल जळण्याचा नव्हता. इंजिन फिरत होतं, मात्र त्याला पेट्रोल मिळत नव्हतं. त्याला फिरवत होती विजेची मोटर, आणि तिला वीज पुरवत होती उतारावरून धावणारी तुमच्याच गाडीची चाकं. हा उलटा कारभार कशासाठी, हे कळायला गाडीच्या पोटात डोकावावं लागेल.

टोयोटाच्या हायब्रिडमध्ये एक पेट्रोल इंजिन आणि दोन विजेच्या मोटर असतात. थोरली मोटर चाकांना जोडलेली असते. धाकटी मुख्यतः जनित्राचं काम करते आणि इंजिन सुरू करायचं कामही तिच्याकडेच असतं. या तिघांना जोडणारा प्लॅनेटरी गिअर हा या गाडीचा खरा आत्मा. त्याचं मधलं दातेरी चाक धाकट्या मोटरचं, त्याभोवती फिरणाऱ्या छोट्या चाकांचा सांगाडा इंजिनचा, आणि बाहेरचं कडं थोरल्या मोटरचं व रस्त्यावरच्या चाकांचं. नेहमीचा क्लच नाही, पाच-सहा गिअरांची पेटी नाही. कोणत्या क्षणी कोणी किती जोर लावायचा, ते संगणक ठरवतो. ताकेशी उचियामादा यांच्या चमूनं १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस बाजारात आणली, तेव्हा तिच्यात हीच रचना होती. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या इनोव्हा हायक्रॉस आणि हायरायडरमधलं तत्त्वही तेच आहे.

मोटरला वीज दिली की ती चाक फिरवते, आणि चाकानं मोटर फिरवली की ती वीज देते. गाडी उतारावर असली किंवा तुम्ही ब्रेकवर हलका पाय ठेवला, की थोरली मोटर जनित्र होऊन बॅटरी भरू लागते. वीज तयार करताना ती चाकांना मागे खेचते, म्हणून गाडीचा वेगही आवरला जातो. साध्या गाडीत हीच शक्ती ब्रेकच्या पॅडमध्ये तापून हवेत जाते.

याचं मोठं रूप तुमच्याच तालुक्यात आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली रायगड जिल्ह्यात भिऱ्याला पडतं, सुमारे ५०० मीटर खाली, आणि टाटांच्या वीजघरात त्याची वीज होते. (त्या विजेसाठी जमिनी मुळशीकरांच्या गेल्या आणि वीज मुंबईला गेली. १९२१ साली सेनापती बापटांच्या बरोबरीनं इथल्या मावळ्यांनी केलेल्या सत्याग्रहाचा उल्लेख केल्याशिवाय या धरणाबद्दल पुढे लिहू नये असं मला वाटतं.) भिऱ्याला १५० मेगावॅटचा एक संच असा आहे, की तो दोन्हीकडून चालतो. गरज असेल तेव्हा पडत्या पाण्यावर वीज करायची आणि वीज शिल्लक असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. तुमच्या गाडीची थोरली मोटर नेमकी अशी आहे. पण वरचा साठा काठोकाठ भरलेला असेल तर पाणी चढवून ठेवायचं कुठे? क्राउन रेंज उतरताना तुमच्या गाडीपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

थोडा हिशेब करू. क्राउन रेंजचा माथा समुद्रसपाटीपासून १,०७६ मीटरवर आहे, आणि क्वीन्सटाउनच्या बाजूला खाली येईपर्यंत सहा-सातशे मीटर उतार होतो. माणसं आणि सामान धरून सोळा-सतराशे किलोची गाडी तेवढी खाली आली, की साधारण तीन युनिट ऊर्जा मोकळी होते. घरच्या वीजबिलावर असतात तेच हे युनिट. त्यातली काही टायरच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात जाते, काही मोटर आणि बॅटरीत तापून जाते. तरी युनिट-सव्वा युनिट वीज हाती लागू शकली असती. आणि अशा गाडीच्या बॅटरीची एकूण क्षमता किती? हायरायडर आणि मारुतीच्या ग्रँड विटाराच्या स्ट्राँग, म्हणजे नुसत्या विजेवरही चालू शकणाऱ्या, हायब्रिडमध्ये ती ०.७६ युनिट आहे, कोरोलासारख्या गाड्यांमध्येही युनिटाच्या आसपासच. तेवढीही पूर्ण वापरली जात नाही. बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून संगणक तिला ना पूर्ण रिकामी होऊ देतो, ना पूर्ण भरू देतो, मधलाच पट्टा वापरतो. म्हणजे माथ्यावर निघताना बॅटरी अर्धीमुर्धी भरलेली असेल, तर नव्या विजेला जागा राहते जेमतेम पाव ते एकतृतीयांश युनिटाची. निम्म्या घाटात ती भरली, यात नवल नाही.

यापुढे गाडीला दोनच मार्ग उरतात. सगळा भार ब्रेकवर टाकायचा, किंवा जास्तीची वीज दुसरीकडे खर्च करायची. टोयोटाच्या अभियंत्यांनी दुसरा मार्ग ठेवला. थोरल्या मोटरची वीज धाकट्या मोटरला द्यायची आणि तिनं बंद इंजिन जोरात फिरवायचं. पेट्रोल तोडलेलं इंजिन हवा ओढत-दाबत फिरतं, त्यातच ती शक्ती खर्च होते आणि गाडी ताब्यात राहते. आपण घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी उतरवतो, तेव्हा जे होतं तेच हे. फक्त ते विजेच्या वाटेनं होतं, म्हणून अनोळखी वाटतं. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ असं अक्षर असतं, ते याचसाठी. लांब उताराला ते लावलं की हा रोध सुरुवातीपासूनच वाढतो आणि ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र ‘बी’ लावून हिंडू नये, तिथे त्यानं वीज कमीच साठते. होंडाच्या सिटी ई:एचईव्हीमध्ये रचना वेगळी आहे. तिथे स्टिअरिंगमागच्या दोन पाकळ्यांनी हा रोध कमी-जास्त करता येतो.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण आपल्या भागात ती अजून सर्रास दिसते. पेट्रोल वाचवायला घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणं, आणि काही जण तर इंजिनही बंद करतात. हायब्रिडमध्ये न्यूट्रल केलं की मोटर वीज बनवणंच थांबवते, म्हणजे फायदा तिथेच संपला. साध्या इंजेक्शनच्या गाडीतही गिअरमध्ये पाय काढून उतरताना संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. आणि इंजिन बंद केलंत तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं. ताम्हिणीच्या वळणांवर, पावसाळ्यात, धुक्यात हा जुगार कोणीही खेळू नये. बचतीसाठीही नको, कारण त्यात बचत नाहीच.

आता ४.३. न्यूझीलंडमध्ये गाडीचा खप शंभर किलोमीटरला किती लिटर, असा मोजतात. म्हणजे आकडा जितका लहान तितकं बरं. शंभराला ४.३ नं भागा, लिटरला २३ किलोमीटरहून थोडं जास्त अ‍ॅव्हरेज येतं. आकडा चांगलाच आहे.

तरीही त्या आकड्याच्या भरवशावर इथे गाडी घेऊ नका. तो आकडा त्या रस्त्याचा होता. मोकळा रस्ता, सैल वाहतूक, थंड हवा, थांबे कमी. तुमचं जाणं-येणं पौड रोडचं आहे आणि हायब्रिडच्या दृष्टीनं हा रस्ता त्याच्या अगदी उलट स्वभावाचा. गंमत अशी की तो तिच्या अधिक सोयीचा आहे.

डोंगर उतरताना पट्टी भराभर वाढलेली दिसते, म्हणून हायब्रिड घाटात कमावते असा समज होतो. ताम्हिणीचाच हिशेब पाहा. मुळशी धरणाच्या काठावरून घाटाखालच्या विळ्यापर्यंत उतार पाचशे मीटरच्या आसपास. चढून परत यायला अशा गाडीला माझ्या ढोबळ हिशेबानं लिटरभर पेट्रोल लागतं. उतरताना बॅटरीत मावते ती पाव ते एकतृतीयांश युनिट वीज, म्हणजे सत्तर ते शंभर मिलिलीटर पेट्रोलची बचत. बाकीची तुमच्या क्राउन रेंजसारखीच इंजिन घोंघावण्यात जाते. चढताना बॅटरी पहिल्या काही वळणांतच रिकामी होते आणि मग पेट्रोल इंजिन एकट्यानं ओढतं. त्यालाही गिअर नसल्यामुळे ते एकाच सुरात मोठ्यानं ओरडत राहतं. गाडी बिघडली की काय असं पहिल्यांदा वाटतं, पण बिघाड नसतो.

शहरातला थांबा बघा. ताशी ४० च्या वेगानं येणारी तीच गाडी सिग्नलला थांबते, तेव्हा तिच्यातली शक्ती एका युनिटाच्या पस्तीस-चाळिसाव्या भागाएवढी असते. एवढीशी वीज बॅटरीत कधीही मावते, आणि सिग्नल सुटला की लगेच वापरलीही जाते. साठा भरून वाहत नाही, रिकामाही पडत नाही. दिवसातून असे चाळीस थांबे झाले, तर होणारं नुकसान वजा जाताही अर्ध्या युनिटाच्या आसपास हाती राहतं. ताम्हिणीच्या अख्ख्या उतरणीपेक्षा ते जास्त आहे. शिवाय उभ्या गाडीत इंजिन बंद असतं. एसीसुद्धा बॅटरीवर चालतो, इंजिन मध्येच थोडा वेळ जागं होऊन बॅटरी भरतं आणि पुन्हा झोपतं. चांदणी चौकातले नवे उड्डाणपूल २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्यापासून तिथली कोंडी बरीच सैल झाली. पण पुढे भूगाव, भुकूम, पिरंगुट इथं गाड्या कशा मुंगीच्या पावलानं सरकतात, आणि शनिवार-रविवारी पावसाळी पर्यटक आले की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. साध्या गाडीचं इंजिन त्या वेळी एकही किलोमीटर न कापता पेट्रोल पीत असतं. हायब्रिडची खरी कमाई तिथे आहे.

एक गोष्ट विसरू नये. चार्जिंगची तार नसलेल्या हायब्रिडमधली सगळी वीज शेवटी पेट्रोलपासूनच आलेली असते. ती फुकटची ऊर्जा तयार करत नाही. इंजिन जिथे उधळपट्टी करतं, म्हणजे मंद वेगात आणि उभं असताना, तिथे ती त्याला काम करू देत नाही, आणि ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा झेपेल तेवढी अडवते. ज्या रस्त्यावर उधळपट्टीच कमी, तिथे बचतही कमी. द्रुतगती महामार्गावर ताशी १०० नं सलग जाणाऱ्याला तिचा फायदा बेताचाच दिसतो.

मग जाहिरातीतला आकडा कुठून येतो? तोही तुमच्या वाटेवरचाच म्हणा ना. कोथरूडला येताना जी वेताळ टेकडी दिसते, तिच्यावर १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, आणि देशभर लोक अ‍ॅव्हरेजबद्दल बोलताना तिचं नाव घेतात. चाचणीत गाडी रोलरवर उभी करून ठरावीक पद्धतीनं चालवतात. सुमारे २० मिनिटं, कमाल वेग ताशी ९०, सरासरी ताशी ३२ च्या आसपास. त्यात घाट नाही, वारा नाही, पाऊस नाही, आणि आजवर एसीही बंद. २०२२ मध्ये हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा मिळाला, तो या पद्धतीनं. आकडा खोटा नाही. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो उत्तम आहे. तुमच्या टाकीचं भाकीत करायला मात्र तो पुरेसा नाही.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. रोज पौड ते कोथरूड आणि तेही गर्दीच्या वेळी असेल, तर स्ट्राँग हायब्रिड घ्या. ताम्हिणीसाठी म्हणून घेणार असाल तर जास्तीचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. घेताना ‘स्ट्राँग’ हा शब्द विचारून घ्या. २०१५ च्या सियाझपासून आपल्याकडे ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणून ज्या गाड्या आल्या, त्या माइल्ड हायब्रिड. त्यांची छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, पण एकटीनं गाडी हलवत नाही. पाठीवर अक्षरं सारखीच, काम निराळं. करांचंही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर जीएसटी ४० टक्के आहे, पूर्वी उपकर धरून तो ४३ टक्के पडायचा. संपूर्ण विजेवरच्या गाडीवर तो ५ टक्के आहे. घरी चार्जिंगची सोय असेल तर रोजच्या तुमच्या अंतराला विजेची गाडीही डोळ्यांसमोर ठेवा. तिची तीस-चाळीस युनिटांची बॅटरी अख्खी ताम्हिणी गिळते आणि तरी जागा उरते. फक्त वर धरणाजवळ मुक्काम करून शंभर टक्के भरून निघालात, तर तिचीही तीच अडचण होते.

चाचणीला गाडी मागाल ती सकाळच्या गर्दीत भूगावमध्ये मागा, आणि पुढे पिरंगुटचा छोटा घाट चढून-उतरून बघा. एवढ्याशा उताराची वीज बॅटरीत बरीचशी मावते, त्यामुळे मोठ्या आणि छोट्या घाटातला फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. मागच्या सीटपाशी बॅटरीला हवा देणारी जाळी कुठे आहे ते विचारून ठेवा. तिच्यावर पिशव्या, ब्लँकेटं टाकायची नाहीत, आणि मुळशीच्या लाल धुळीत तिची गाळणी वेळेवर साफ करून घ्यायची. बॅटरी तापली की संगणक तिचा वापर आखडता घेतो. टोयोटा आणि मारुती या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. मोरीवरून पाणी वाहत असेल तर हायब्रिडही तितकीच थांबवायची, जितकी तुमची जुनी गाडी थांबवत होतात.

प्रश्न : जुन्या गाडीलाच हायब्रिड करायचा एक संच पूर्वी हिंजवडीत तयार झाला होता असं ऐकलं. खरं आहे का? तो मिळतो का?
एक वाचक, माण, ता. मुळशी

उत्तर : अगदी खरं आहे, आणि मुळशी तालुक्यानं त्याचा अभिमान बाळगावा असं ते काम होतं. हिंजवडीच्या केपीआयटी कंपनीनं, तेव्हा तिचं नाव केपीआयटी कमिन्स होतं, २०१० साली ‘रेव्होलो’ नावाचा संच जाहीर केला. रवी पंडित तेव्हा कंपनीचे प्रमुख होते, आणि उत्पादनासाठी भारत फोर्ज त्यांच्या जोडीला होती. कल्पना साधी आणि आपल्या देशाला शोभणारी होती. नवी महागडी गाडी विकण्याऐवजी लोकांच्या दारात उभ्या असलेल्या गाडीत विजेची मोटर बसवायची, ती पट्ट्यानं इंजिनला जोडायची, बॅटरी डिकीत ठेवायची आणि रात्री घरच्या प्लगवर भरायची. ४० टक्क्यांहून जास्त बचत होईल असा कंपनीचा दावा होता.

आज तो बाजारात मिळत नाही. अशा बदललेल्या गाड्यांना मान्यता देण्याचे नियम पुढे काही वर्षांनी आले, आणि गाडीच्या प्रत्येक जातीसाठी वेगळी चाचणी, वेगळी जोडणी करायची तर संच स्वस्त राहणं अवघडच. त्या काळी बॅटऱ्याही फार महाग होत्या. जुन्या गाडीचं आयुष्य किती उरलंय हे ठाऊक नसताना तिच्यावर मोठी रक्कम घालायला गिऱ्हाईक कचरतं, हेही एक कारण असावं असं मला वाटतं. काम मात्र वाया गेलं नाही. विजेच्या गाड्यांसाठी लागणाऱ्या मोटर-बॅटरीच्या नियंत्रणाचं ज्ञान आपल्या भागात रुजलं ते अशा प्रयोगांतूनच. २०१५ साली संसद सदस्यांसाठी दिल्लीत विजेची बस देण्यात आली, तिच्यातलं तंत्र केपीआयटीचंच होतं.

एक इशारा. कोपऱ्यावरचा कोणी मेकॅनिक ‘हायब्रिड करून देतो’ म्हणाला तर मान्यतेचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर आरटीओत नोंद होणार नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. हायब्रिडच्या नुसत्या बॅटरीतच विजेचा दाब दोनशे व्होल्टांच्या घरात असतो. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या की तिथे प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात घालू नये.

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत आहेत, आणि परतीच्या वाटेवर जपानला थांबायचा विचार आहे. तिकडच्या शोरूममध्ये आम्हाला हायब्रिड चालवून बघता येईल का? आवडली तर ती इकडे आणता येते का?
एक वाचक, पिरंगुट, ता. मुळशी

उत्तर : परवाना ही पहिली पायरी. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतच मिळतो, अर्ज नमुना ४-अ, मुदत एक वर्षाची. जपानमध्ये तो हवाच. १९४९ च्या जिनिव्हा करारातल्या देशांचा परवाना जपान मानतो आणि भारत त्या करारात आहे. अमेरिकेत राज्याराज्याचा नियम वेगळा, कित्येक ठिकाणी इंग्रजीत छापलेला आपला मूळ परवानाही चालतो. आंतरराष्ट्रीय परवाना एकटा कुठेच पुरत नाही. मूळ परवाना आणि पासपोर्ट सोबत ठेवा.

शोरूमवाला पाहुण्याला गाडी देईल की नाही, हे त्याच्या मर्जीवर आणि त्याच्या विम्यावर आहे. आपण गाडी घेणार नाही हे ठाऊक असताना त्याच्याकडे चाचणी मागणं मला प्रशस्त वाटत नाही. त्यापेक्षा दोन दिवस हायब्रिड भाड्यानं घ्या, आणि भाड्याच्या करारात तुमचं नाव चालक म्हणून लिहून घ्या. नाव नसताना चालवलीत आणि काही घडलं, तर सगळा खर्च जावयाच्या डोक्यावर येईल. नुकसान झाल्यास आपल्या खिशातून किती भरावं लागेल, तो आकडा सही करण्याआधी वाचा. अमेरिकेत रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं असतं, स्टिअरिंग डावीकडे असतं. सवयीनं इंडिकेटरऐवजी वायपर चालू होतो, डावीकडे वळताना समोरच्यांचा हक्क आधी असतो. पहिला तास रिकाम्या वसाहतीत घालवा. जपानमध्ये बाजू आपल्यासारखीच आहे, त्यामुळे हायब्रिड समजून घ्यायला ती जागा तुम्हाला जास्त सोयीची.

गाडी आणण्याचा विचार सोडून द्या. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते. म्हणजे अमेरिकेतली गाडी तिथेच बाद. जपानमधली आणलीत तरी आयात शुल्क तिच्या किमतीहून जास्त होतं, आणि मग तिचे सुटे भाग कुठून मिळवायचे हा प्रश्न वेगळाच. त्या पैशांत इथे नवी गाडी वॉरंटीसकट येते.